सिंगापूर ते बँकॉक, रुळांवरून

इंदूरची मंडळी आग्नेय आशियाला जातात ती बहुधा पॅकेजमधून. प्रत्येक शहरात तीन-चार रात्री आणि मध्ये विमान. विमानाने गेले की सीमा दिसतच नाही, आणि या देशांचे राजकारण कळते ते सीमेवरच. पाणी कोणाचे, पेट्रोल कोणाला स्वस्त, रस्त्यावर कढई मांडून बसायचा हक्क कोणाला, हे जमिनीवरून गेल्यावर डोळ्यांसमोर येते. आपण स्वच्छतेचा आणि खाण्याचा अभिमान बाळगणाऱ्या शहरातून जातो. म्हणून तिथे गेल्यावर विचारायचे ते हेच: इतके स्वच्छ कसे, इतके स्वस्त कसे, आणि त्याचे पैसे शेवटी कोण भरतो? मार्ग असा: सिंगापूर, मग मलेशियातले क्वालालंपूर आणि पेनांग, पादांग बेसारची सीमा आणि शेवटी बँकॉक.

निघण्यापूर्वी

सिंगापूरचा व्हिसा आपल्याला लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, एजंटाचे वेगळे. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि तीन महिन्यांच्या आतला हवा. अर्ज अडकतात ते बहुतेक जुन्या फोटोमुळे. मलेशियात भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत सध्या २०२६ अखेरपर्यंत आहे. थायलंडनेही व्हिसामाफी दिलेली होती, पण ती सवलत आणि दिवसांची मुदत तिथले सरकार बदलत असते, तेव्हा तिकीट काढण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहून घ्यावे.

तिन्ही देशांचे ऑनलाइन फॉर्म वेगळे: सिंगापूरचे एसजी अरायव्हल कार्ड, मलेशियाचे एमडीएसी, थायलंडचे टीडीएसी. तिन्ही फुकट आहेत आणि तिन्ही प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचे असतात. म्हणजे घरून फक्त सिंगापूरचा भरता येतो. मलेशियाचा सिंगापुरात आणि थायलंडचा पेनांगमध्ये बसून भरायचा. हे ध्यानात न आल्याने लोक सीमेवर मोबाइलचे नेटवर्क शोधत उभे राहतात. गूगलवर वर येणारी, डॉलरमध्ये शुल्क मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत.

फराळाच्या डब्याबद्दल एक सूचना, विशेषतः दिवाळीनंतर जाणाऱ्यांना. सिंगापूरचे अमली पदार्थविरोधी खाते खसखशीवर लक्ष ठेवते. परवानगीशिवाय ती नेता येत नाही. अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या घरी ठेवा. शेव, खाकरे, तिखटमिठाच्या पुऱ्या यांना अडचण नाही. गुटखा, खैनी, जर्दा आणि व्हेप सिंगापुरात बेकायदा आहेत. च्युइंगमच्या आयातीवरही १९९२ पासून बंदी आहे.

खरे तर दिवाळीची सुट्टीच या मार्गाला सोयीची नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात ईशान्य मोसमी पाऊस दक्षिण थायलंडला झोडपतो. २०२५ च्या नोव्हेंबरात हाट याई शहर पाण्याखाली गेले होते, आणि बँकॉकची रात्रीची गाडी याच शहरातून जाते. जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंतचा काळ उत्तम, फक्त चिनी नववर्षाचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत गाड्यांत जागा मिळत नाही.

जाण्याचे तिकीट मुंबई–सिंगापूर, येण्याचे बँकॉक–मुंबई. मुंबईच्या काउंटरवर सिंगापूरहून पुढे जाण्याचा पुरावा मागतात. तिथे पुढच्या रेल्वेची आणि परतीच्या विमानाची तिकिटे छापील दाखवावीत. मोबाइलवरचे चित्र दरवेळी पुरत नाही. सामान मात्र एका हाताने जिना चढवता येईल इतकेच घ्या. या मार्गावर हमाल नाहीत.

शुक्रवार संध्याकाळ, शनिवार

इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने सकाळी मुंबई. विमान गाठायचे तर मुंबई सेंट्रलपर्यंत न जाता बोरिवलीला उतरावे. गाडीला दोन-तीन तास उशीर झाला तरी चालेल असेच विमान घ्यावे. मुंबईहून सिंगापूर साडेपाच तासांच्या आसपास आहे आणि घड्याळ अडीच तास पुढे जाते, त्यामुळे दुपारी निघालेला माणूस रात्री पोहोचतो.

चांगी विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसत नाही. मुक्कामाची परवानगी ईमेलवर येते. ती जपून ठेवा. किती दिवस मिळाले हे त्यातच लिहिलेले असते. मेट्रोत व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टेकवून जाता येते, पण परदेशी कार्डावर वापराच्या प्रत्येक दिवसाला ६० सेंट जास्तीचे लागतात.

रविवार, सिंगापूर

सकाळी टेक्का सेंटर. तळमजल्यावर एकीकडे भाजी-मासळीचा बाजार, दुसरीकडे खाण्याचे गाळे. अशी शंभराहून अधिक हॉकर, म्हणजे फेरीवाल्यांची, सेंटरे या शहरात आहेत. पूर्वी हे सगळे विक्रेते रस्त्यावरच बसत. सरकारने १९६८-६९ मध्ये त्यांची नोंदणी केली, मग १९७१ पासून नळ, वीज आणि गटार असलेल्या जागा बांधल्या आणि १९८६ पर्यंत झाडून सगळ्यांना आत नेले. २०२० मध्ये या हॉकर संस्कृतीला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

इंदूरकराला इथे सराफा आठवणारच. सराफ्यात एकच रस्ता दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री गराडू, भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटीसचा असतो; त्यासाठी कोणाला इमारत बांधावी लागली नाही. मात्र तिथे पाणी बादलीतून येते आणि जागेवरून दुकानदार व खाऊवाल्यांत कुरबूर चालू असते. टेक्कात प्रत्येक गाळ्याला स्वतःचा नळ आणि सांडपाण्याची वाट आहे. छप्पन दुकानाचा २०२० मध्ये कायापालट झाला तो याच विचाराच्या जवळचा.

इथल्या स्वस्त जेवणाची किंमत बऱ्याच अंशी विक्रेताच मोजतो. जुन्या विक्रेत्यांना सवलतीचे भाडे आहे, नव्यांना गाळा लिलावात बोली लावून घ्यावा लागतो. गाळा फक्त नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला मिळतो. पदार्थाचा भाव वाढवला की गिऱ्हाईक नाराज होते, आणि मुले या उकाड्यात बारा तास उभी राहायला तयार नसतात. बऱ्याच गाळ्यांमागे साठी ओलांडलेली माणसे दिसतात. ही व्यवस्था अजून एक पिढी टिकेल का, याची काळजी वाटते.

रिकाम्या टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवलेले असेल तर ती जागा कोणीतरी धरली आहे, तिथे बसू नये. जेवणानंतर ताट स्वतः नेऊन ठेवायचे. २०२१ पासून हे सक्तीचे आहे. आधी ताकीद आणि पुन्हा सापडल्यास ३०० डॉलर दंड. ताटे ठेवायच्या मांडण्या हलाल आणि इतर अशा वेगळ्या असतात, त्यांची सरमिसळ करू नये. शुद्ध शाकाहारी मंडळींना टेक्काजवळच सेरंगून रोडवर १९४७ पासूनचे कोमला विलास आहे.

दुपारी टोआ पायोह, सरकारी घरांची वसाहत. पर्यटक इथे क्वचित येतात. सिंगापूरचे जवळजवळ ८० टक्के रहिवासी सरकारने बांधलेल्या एचडीबी घरांत राहतात आणि त्यांतली बहुतेक घरे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर विकत घेतलेली असतात. तळमजला मोकळा सोडलेला दिसेल. लग्न, अंत्यविधी, म्हाताऱ्यांचे बुद्धिबळ, सगळे तिथेच. प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचे कमाल प्रमाण १९८९ पासून ठरवलेले आहे. एखाद्या गटाचा कोटा भरला की दुसऱ्या गटातल्या मालकाला आपले घर त्या गटातल्या माणसाला विकता येत नाही. अल्पसंख्य मालकाला याचा तोटा होतो, कारण त्याच्या घराला गिऱ्हाइके कमी आणि म्हणून भावही कमी. १९६४ च्या चिनी-मलय दंगली पाहिलेल्या सरकारने हा तोटा जाणून स्वीकारला. एकोपा फुकट मिळत नाही हे इतक्या उघडपणे मान्य करणारे दुसरे धोरण सहसा दिसत नाही.

मोटारीचेही तसेच. गाडी घेण्याआधी दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. २०२५ मध्ये लहान गाडीच्या परवान्याची बोली एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली होती, आणि गाडीची किंमत त्यानंतर. बस वेळेवर येते त्यामागे हेही कारण आहे. आपण २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक बीआरटीएस सुरू केली आणि २०२५ मध्ये ती मोडायला घेतली. बसला वेगळा रस्ता देणे आपल्याला जमले. मोटारवाल्याकडून रस्त्याची किंमत वसूल करणे जमले नाही.

कचऱ्यात मात्र इंदूर पुढे आहे, हे अभिमानाने सांगावे. एचडीबीच्या जुन्या इमारतींत कचऱ्याची एकच नळी असते आणि ओला-सुका त्यात एकत्र पडतो. तो जाळतात आणि राख सेमाकाऊ बेटावर नेऊन टाकतात. ते बेट २०३५ च्या सुमारास भरेल असा तिथल्या सरकारचाच अंदाज आहे. दारात उभे राहून ओला-सुका वेगळा देणारे इंदूरचे घर या बाबतीत जास्त शिकलेले आहे.

संध्याकाळी लिटल इंडियात पाय ठेवायला जागा नसते. रविवार ही बांधकाम मजुरांची सुट्टी. तमिळ आणि बांगलादेशी तरुण शहराबाहेरच्या वसतिगृहांतून इथे येतात. ८ डिसेंबर २०१३ ला एका मजुराचा बसखाली मृत्यू झाला आणि इथे दंगल उसळली. त्यानंतर दारूचे नियम कडक झाले. शनिवार-रविवारी या भागात रस्त्यावर पिणे बंद आहे. हे उंच शहर या हातांनी बांधले आहे आणि त्यातल्या एचडीबी घरांवर या हातांचा काही हक्क नाही.

एकाच पक्षाचे राज्य १९५९ पासून आहे. २०२५ च्या मे महिन्यात या पक्षाने, पीपल्स ॲक्शन पार्टीने (पीएपी), ९७ पैकी ८७ जागा जिंकल्या. मते मात्र ६५ टक्क्यांच्या थोडी वर होती. जागा आणि मते यांतले हे अंतर मोठ्या गट-मतदारसंघांमुळे पडते, जिथे एका पक्षाचे अनेक उमेदवार एकगठ्ठा निवडून येतात. मतदान सक्तीचे आहे. सभा घ्यायची तर हाँग लिम पार्कात, आणि तीही नागरिकांनी. परदेशी पाहुण्याने तिथल्या निदर्शनात फलक धरणे गुन्हा आहे, तेव्हा कुतूहल असले तरी लांबून पाहावे.

सोमवार, जोहोरची खाडी आणि क्वालालंपूर

खाडी ओलांडायला सोमवारची सकाळ मुद्दाम निवडली आहे. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सिंगापूरकर मलेशियात लोटतात, रविवारी रात्री परततात. सोमवारी सकाळी गर्दी उलट दिशेने असते. मलेशियाच्या जोहोर राज्यातून हजारो कामगार मोटारसायकलींवर सिंगापुरात येत असतात आणि आपली बाजू मोकळी असते.

दोन मार्ग आहेत. वुडलँड्सहून शटल तेब्राऊ ही रेल्वे पाच मिनिटांत जोहोर बाहरूला नेते. भाडे पाच सिंगापूर डॉलर आणि दोन्ही देशांची तपासणी वुडलँड्सलाच होते. हे स्टेशन वुडलँड्स मेट्रोला लागून नाही. मेट्रोतून उतरून बस घ्यावी लागते. तिकिटे लवकर संपतात. ती न मिळाल्यास १७० किंवा ९५० क्रमांकाची बस. वुडलँड्स नाक्यावर सगळ्यांना उतरवतात आणि बस कोणासाठी थांबत नाही, म्हणून सगळे सामान घेऊनच उतरायचे. तपासणी झाली की त्याच क्रमांकाच्या पुढच्या बसमध्ये चढायचे. बॅग बसमध्ये राहिली तर ती आपल्याआधी परदेशात पोहोचते. या गोंधळावर तोडगा म्हणून चार किलोमीटरची आरटीएस लिंक मेट्रो बांधली आहे. ती सुरू झाल्यावर तेब्राऊ गाडी बंद होणार आहे.

खाडीवरचा रस्ता जेमतेम एक किलोमीटरचा, १९२४ चा. त्याच्या कडेने जाणारे जाड नळ पाहा. १९६२ च्या करारानुसार सिंगापूर जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलू शकते आणि हजार गॅलनला तीन सेन (शंभर सेनचा एक मलेशियन रिंगिट) देते. करार २०६१ पर्यंत आहे. शुद्ध केलेले थोडे पाणी जोहोर हजार गॅलनला पन्नास सेनने परत घेते. हा भाव अन्यायाचा आहे असे मलेशियाचे नेते वरचेवर म्हणतात. शुद्धीकरणाचा खर्च आम्ही सोसतो, असे सिंगापूरचे उत्तर असते. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने चढवलेले नर्मदेचे पाणी पिणाऱ्या इंदूरकराला पाण्याचा भाव आणि उचलण्याचा खर्च यांतला फरक समजावून सांगायला नको. सिंगापूरने २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून वापरायला घेतले ते २०६१ डोळ्यांसमोर ठेवूनच.

उलट दिशेला पेट्रोलची गोष्ट आहे. मलेशियात पेट्रोल स्वस्त, म्हणून सिंगापूरच्या गाडीला देश सोडताना टाकी किमान तीन चतुर्थांश भरलेली ठेवावी लागते. नसेल तर दंड.

जोहोर बाहरूचे नाके आणि जेबी सेंट्रल स्टेशन जोडलेले आहेत. गेमासपासून इथपर्यंतचा मार्ग दुहेरी आणि विजेचा झाल्यावर आता ईटीएस गाडी थेट क्वालालंपूरला जाते, सव्वाचार तासांच्या आसपास. मीटरगेजचे रूळ पाहून महूच्या माणसाचे डोळे चमकतील. पाताळपाणी-कालाकुंडच्या घाटात ज्या रुंदीच्या रुळांवर आपली गाडी सावकाश उतरते, त्याच एक मीटर रुंदीवर ही विजेची गाडी ताशी १४० किलोमीटरपर्यंत जाते. सपाट, सरळ मार्ग आणि चांगली देखभाल हे त्याचे कारण.

खिडकीबाहेर तासन्‌तास पाम तेलाच्या बागा दिसतात. आपल्या नमकीनच्या कढईतले पामोलिन मुख्यत्वे इंडोनेशियाचे आणि इथलेच. यांच्याआधीच्या रबराच्या बागा इंग्रजांनी तमिळ मजूर आणून उभ्या केल्या. आता तिथे बहुतेक इंडोनेशियन आणि बांगलादेशी मजूर आहेत, आणि जुन्या तमिळ कुटुंबांची मुले शहरांच्या कडेला आली आहेत.

मंगळवार, क्वालालंपूर

केएल सेंट्रलशेजारच्या ब्रिकफील्ड्समध्ये केळीच्या पानावरचे जेवण मिळते आणि शाकाहारी पानाची वेगळी पाटी असते. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची हॉटेले, बरीचशी रात्रभर उघडी. रोटी चनाई साधी हवी तर ‘कोसोंग’ म्हणावे. मात्र सोबतच्या सांबलात बारीक सुकी मासळी असते आणि भाजीच्या फोडणीत ‘बेलाचान’, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा. भाजी हिरवी दिसते म्हणून ती शाकाहारी असेलच असे नाही. ‘तानपा बेलाचान, तानपा इकान’ एवढे पाठ असावे. ‘शाकाहारी’ म्हटल्यावर लोक मांस वगळतात, मासळी वगळतीलच असे नाही.

पेट्रोल पंपावर दोन मिनिटे उभे राहा. ३० सप्टेंबर २०२५ पासून नागरिकाने ओळखपत्र लावले की पेट्रोल लिटरला १.९९ रिंगिट, महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंत. परदेशी माणसाला बाजारभाव. पूर्वी सवलत सरसकट होती, म्हणजे जितकी मोठी गाडी तितकी जास्त मदत. अनेक सरकारांना हे बदलायचे होते आणि मतांच्या भीतीने ते पुढे ढकलले जात होते. ओळखपत्राचा हा मार्ग त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो.

हॉटेलात परदेशी पाहुण्याला खोलीमागे रोज दहा रिंगिट पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो. ऑनलाइन भरलेल्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो.

इमारतींच्या जाहिरातींत भूमिपुत्रांसाठी सवलतीचा दर दिसतो. १३ मे १९६९ च्या दंगलीनंतर १९७१ मध्ये नवे आर्थिक धोरण आले आणि मलय व इतर मूलनिवासींना शिक्षण, नोकरी, घर, भागभांडवल यांत प्राधान्य मिळाले. बहुसंख्य समाजाला आरक्षण, हे आपल्याला उलटे वाटते. पण तेव्हा संपत्ती चिन्यांच्या आणि इंग्रजांच्या हाती होती आणि मलय खेड्यांत गरीब होते. मधे सापडले ते बागांमधले तमिळ: ना भूमिपुत्र, ना श्रीमंत. २५ नोव्हेंबर २००७ ला हिंड्राफ या हिंदू हक्क संघटनेच्या हाकेवर ते याच शहरात रस्त्यावर उतरले. १९५७ पासून सत्तेत असलेल्या आघाडीची घसरण तिथून सुरू झाली आणि २०१८ मध्ये ती पहिल्यांदा हरली. माजी पंतप्रधान नजीब रझाक भ्रष्टाचाराच्या खटल्यात २०२२ मध्ये तुरुंगात गेले.

याच देशात सरकारी व्यवस्थेत पाचशेहून अधिक तमिळ माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत. मातृभाषेची शाळा टिकवताना काय होते हे मध्य भारतातल्या मराठी माणसाला ठाऊक आहे, त्यामुळे या आकड्याचा आदर वाटतो.

राजा इथे आळीपाळीने होतो. नऊ संस्थानांचे सुलतान आपल्यातून दर पाच वर्षांनी एकाची निवड करतात. सध्या, ३१ जानेवारी २०२४ पासून, जोहोरचे सुलतान राजे आहेत. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या संस्थानांत वाढलेल्यांना ही रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे.

वेळ उरला तर कोमुटर या लोकल गाडीने बातू केव्हज, म्हणजे गुहेतले देऊळ. पायऱ्या २७२ आहेत. सकाळी नऊच्या आत चढाव्यात. माकडे प्लास्टिकची पिशवी हमखास ओढतात.

बुधवार, गुरुवार, पेनांग

ईटीएसने बटरवर्थ साधारण चार तास. स्टेशनातून पुलावरून चालत फेरीच्या धक्क्यावर जाता येते. फेरी दहा-पंधरा मिनिटांत जॉर्जटाउनला लावते. भाडे किरकोळ आहे, पण रोख घेत नाहीत. कार्ड हाती ठेवावे.

जॉर्जटाउन २००८ पासून जागतिक वारसा आहे. दुकान खाली, घर वर आणि पुढे सलग पडवी, अशा जुन्या घरांच्या रांगा आहेत. एकाच रस्त्याच्या परिसरात १८१८ चे सेंट जॉर्ज चर्च, चिनी देऊळ, १८३३ चे मारिअम्मन देऊळ आणि कपितान केलिंग मशीद. फोटो सगळे काढतात. घरांत कोण राहते हे फार कोणी विचारत नाही. भाडेनियंत्रण कायदा २००० च्या सुरुवातीला संपला. तोवर घरे पडायला आली होती, कारण नाममात्र भाड्यात मालक डागडुजी करीत नव्हता. कायदा गेला आणि भाडी एकदम चढली. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले सुतार, शिंपी, अगरबत्ती करणारे बाहेर पडले, आणि आठ वर्षांनी वारशाची मोहोर आली ती रिकाम्या होत चाललेल्या गावावर. आज तिथे कॅफे आणि लहान हॉटेले आहेत. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांचे काय करावे यावर आपण बोलतो तेव्हा जॉर्जटाउनचा अनुभव समोर हवा. नियंत्रण ठेवले तर भिंत पडते आणि काढले तर माणूस जातो. टप्प्याटप्प्याने भाडे वाढवणे आणि दुरुस्तीला मदत देणे हाच मार्ग होता, पण तो वेळेवर घेतला गेला नाही.

समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या चिनी कुळांच्या वस्त्या, त्यांतली च्यू जेटी प्रसिद्ध. ती राहती घरे आहेत, संध्याकाळनंतर जाऊ नये.

खाण्याचे गाळे इथे अजून रस्त्याच्या कडेला आहेत. राज्य सरकारने परदेशी माणसाला हॉकर गाळ्यात मुख्य स्वयंपाकी होण्यास बंदी केली आहे. सिंगापुरात गाळा नागरिकाचा, पेनांगमध्ये झारा नागरिकाचा, आणि थायलंडमध्येही फेरीचा धंदा थाई माणसासाठी राखीव. तिन्ही देश परदेशी मजुरांवर चालतात, पण चुलीजवळची जागा तिघेही देत नाहीत. शाकाहारींसाठी लिटल इंडिया आहेच; चिनी शाकाहारी हॉटेलांत हव्या त्या भाज्या वाढून घ्यायच्या आणि ताट पाहून ते पैसे सांगतात. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथे गर्दी असते. गुरुवारी रात्री थायलंडचा टीडीएसी भरून त्याची छापील प्रत घ्यावी.

शुक्रवार, पादांग बेसार

बटरवर्थहून कोमुटर गाडी पादांग बेसारला दोन तासांच्या आसपास नेते, केदाहच्या भातखाचरांतून. केदाहमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, त्यामुळे आज गाडीला गर्दी राहील. चढण्याआधी पैसे बदलून घ्या. पादांग बेसारच्या दरात तोटा होतो.

पादांग बेसार स्टेशन मलेशियात आहे, पण दोन्ही देशांच्या खिडक्या एकाच इमारतीत आहेत. आधी मलेशियाचा निर्गमन शिक्का, मग थायलंडचा प्रवेश. खिडक्या गाड्यांच्या वेळीच उघडतात. गोंधळ होतो तो घड्याळाचा. थायलंड एक तास मागे आहे आणि थाई गाडीच्या तिकिटावर थाई वेळ असते. बँकॉकची रात्रीची गाडी थाई वेळेने पाचच्या सुमारास सुटते, तेव्हा भिंतीवरच्या मलेशियन घड्याळात सहा वाजलेले असतात. या गाडीला इथून दोनच डबे असतात, बाकीचे हाट याईला जोडतात. म्हणून तिकीट आठवडे आधी काढावे. डबे भरले असतील तर हाट याईपर्यंत शटल गाडीने जाऊन तिथून दुसरी गाडी धरता येते.

खालचा बर्थ रुंद आणि खिडकीचा. वरचा स्वस्त, अरुंद आणि वातानुकूलनाच्या तोंडाशी. शाल हवीच. अंथरूण कर्मचारी घालून देतो. शाकाहारी जेवण गाडीत मिळेल या भरवशावर राहू नये. पेनांगच्या लिटल इंडियातून इडली-पुरी बांधून आणावी. थाई रेल्वेत आणि स्टेशनांत दारू पिण्यास बंदी आहे.

हाट याईच्या फलाटावर सैनिक दिसतील. पट्टानी, याला, नराथिवात या मलय मुसलमान बहुसंख्येच्या प्रांतांत २००४ च्या जानेवारीपासून सशस्त्र संघर्ष चालू आहे. आपला मार्ग तिकडे वळत नाही. तरी प्रवास विमा घेताना या प्रांतांना वगळणारे कलम वाचून घ्यावे, कारण हाट याईच्या सोंगख्ला प्रांतातले काही तालुकेही त्यात मोजले जातात.

शनिवार, रविवार, बँकॉक

गाडी सकाळी उशिरा पोहोचते ती क्रुंग थेप आफिवात या नव्या स्टेशनात. जुन्या हुआलाम्फोंगजवळ हॉटेल घेणाऱ्यांची गैरसोय होते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी २०२३ पासून तिथे जात नाहीत. नव्या स्टेशनाखालून निळी मेट्रो मिळते. आकाशातून जाणाऱ्या बीटीएसचे तिकीट वेगळे, मेट्रोचे वेगळे. एकाचे दुसऱ्यात चालत नाही. परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढले की प्रत्येक वेळी सव्वादोनशे बाटच्या आसपास शुल्क कापतात, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढावी.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांत, उद्यानांत राष्ट्रगीत वाजते. सगळे उभे राहतात, आपणही राहावे. राजघराण्याबद्दल गप्पांतही काही बोलू नये. कलम ११२ खाली प्रत्येक वक्तव्यामागे तीन ते पंधरा वर्षे शिक्षा आहे, आणि ती परदेशी माणसालाही लागू आहे. २०२३ च्या निवडणुकीत हे कलम बदलू पाहणारा मूव्ह फॉरवर्ड पक्ष सर्वांत मोठा ठरला. पण लष्कराने नेमलेल्या सिनेटने त्यांचा पंतप्रधान होऊ दिला नाही आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने पक्षच विसर्जित केला. त्याच महिन्यात एक पंतप्रधान न्यायालयाने काढला, पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आणखी एक, महिला पंतप्रधान. रॉयल प्लाझामध्ये, राजाची अनियंत्रित सत्ता संपवणाऱ्या १९३२ च्या क्रांतीची पितळी तबकडी रस्त्यात बसवलेली होती. २०१७ च्या एप्रिलमध्ये ती नाहीशी झाली आणि जागी दुसरीच आली. सिंगापुरात निवडून आलेले सरकार जात नाही. इथे निवडून आलेल्याला राहू देत नाहीत. दोन्हीकडे रस्त्यावर शांतता असते, आणि पर्यटकाला ती सारखीच दिसते.

शाकाहारींनी पिवळ्या झेंड्यावरचे लाल ‘जे’ चिन्ह शोधावे. तिथे मांस, मासळी, अंडे, दूध, कांदा, लसूण काहीच नसते. इतरत्र साध्या भाजीतही माशाचे पाणी, ‘नाम प्ला’, असते. ‘माय साय नाम प्ला’ म्हणावे. फाहुराटमध्ये भारतीय जेवण मिळते.

२०१४ च्या उठावानंतर लष्करी राजवटीने सुखुमवित, ख्लोंग थोम, था फ्राचान इथले फेरीवाले हटवले. फुटपाथ रुंद झाले, पण कचेरीतल्या कारकुनाला पन्नास बाटचे जेवण मिळेनासे झाले. थायलंडमध्ये निवडून आलेला गव्हर्नर फक्त बँकॉकला आहे, बाकी प्रांतांत गृहखाते नेमते. २०२२ मध्ये निवडून आलेल्या चाडचार्ट सिट्टिपुंट यांनी तक्रारींचे ॲप जोरात चालवले आणि विक्रेत्यांसाठी ठरावीक जागा आखायला सुरुवात केली.

त्यांचा कचऱ्याचा नियम इंदूरकरांनी नीट पाहावा. ऑक्टोबर २०२५ पासून कचरा वेगळा न करणाऱ्या घराला महिन्याला ६० बाट, आणि नोंदणी करून वेगळा करणाऱ्याला पूर्वीइतकेच २० बाट. आपल्याकडे गाडीवाला मिसळलेला कचरा परत देतो, शेजारी पाहतात आणि दंडही होतो. तिथे फरक थेट बिलात पडतो. अडचण अशी की वेगळा केलेला कचरा वेगळ्या गाडीत जातो का, हे गल्लीगल्लीत पाहावे लागते. सकाळी सहाच्या आसपास सोईंमध्ये, म्हणजे गल्ल्यांमध्ये, फिरले तर काही ठिकाणी ओल्या कचऱ्याच्या वेगळ्या बादल्या उचलताना दिसतात, काही ठिकाणी सगळ्या पिशव्या एकाच गाडीत पडतात.

इथून पुढे रस्त्याने कंबोडियाला जाण्याचा बेत अनेक जण करतात. २०२५ च्या सीमेवरील संघर्षात जमिनीवरची नाकी बंद झाली. उघडल्याची खात्री झाल्याखेरीज अंगकोरची हॉटेले घेऊ नयेत. परतीचे विमान सुवर्णभूमीवरून असेल तर फाया थाईहून एअरपोर्ट रेल लिंक अर्ध्या तासात नेते. डॉन म्युआंगवरून असेल तर क्रुंग थेप आफिवातहून लाल मेट्रो. ही दोन विमानतळे शहराच्या दोन टोकांना आहेत, आणि एकावरून दुसऱ्यावर जायला संध्याकाळच्या वाहतुकीत दोन तासही लागतात. तिकिटावर बीकेके (सुवर्णभूमी) आहे की डीएमके (डॉन म्युआंग), ते आदल्या रात्रीच पाहून ठेवावे.